बेमुदत मनाईविरुद्ध

मध्यमवर्गीय मराठी घरात कमरेच्या एम.आर.आय.चा अहवाल येऊन दाखल झाला, की त्या घराचा कारभार जणू नव्या कायद्यान्वये चालू लागतो: पलंगावरची गादी उतरून फळी चढते, ज्याच्या नावे अहवाल आला त्या कर्त्या पुरुषास वा गृहिणीस बादली उचलण्याची, वाकून केर काढण्याची, जमिनीवर मांडी घालून जेवण्याची, एस.टी.च्या मागल्या बाकावर बसण्याची आणि नातवाला कडेवर घेण्याची मनाई होते, कमरेस पट्टा आवळला जातो, आणि समाचारास येणारा प्रत्येक आप्त आपल्या ओळखीतील कोणा ‘गादी सरकलेल्या’ दुर्दैवी जीवाची कैफियत ऐकवून त्या मनाईवर आपलाही शिक्का उठवून जातो. ह्या प्रकारामागे एक सुसंगत सिद्धांत आहे, आणि तो केवळ अडाण्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पुष्कळ सुशिक्षित आणि काही पदवीधर वैद्यही तो बाळगून असतात. मणक्यांमधील चकती जागेवरून सरकते व नस दाबते. सरकलेली चकती चित्रात दिसते. ती दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले. सरकलेली वस्तू हालचालीने अधिक सरकणार, सबब निजून राहावे. आणि एकदा सरकली ती पुन्हा सरकणार, सबब जन्मभर जपून राहावे, असा हा पूर्वपक्ष आहे. त्यातील प्रत्येक विधान मागल्या विधानाच्या आधारावर उभे आहे, आणि आमची हरकत पहिल्या विधानापासूनच सुरू होते.

हा सिद्धांत निराधार जन्मला असे मात्र नव्हे. १९३४ साली बॉस्टन येथील मिक्स्टर व बार ह्या दोन शल्यचिकित्सकांनी, पृष्ठरज्जूच्या पोकळीतून तोवर कूर्चेच्या गाठी समजून काढल्या जाणाऱ्या पदार्थाची फेरतपासणी केली, आणि तो पदार्थ म्हणजे गाठ नसून फाटलेल्या चकतीतून बाहेर आलेला तिचाच अंश होय, व पायात उतरणाऱ्या कित्येक असह्य कळांचे मूळ तेथे आहे, हे सप्रमाण दाखवून दिले. शोध थोर होता, आणि त्याने अनेकांना व्याधिमुक्त केले, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु थोड्या रुग्णांच्या बाबतीत शाबीत झालेले कारण पुढच्या पिढ्यांनी सरसकट सर्व पाठदुखीस लावले, आणि पन्नासएक वर्षांनी जेव्हा चुंबकीय यंत्राने कोणाही माणसाच्या कण्याचे अंतरंग घटकाभरात उघडे करून दाखविण्याची सोय झाली, तेव्हा त्या अनुमानाला एकाएकी फैसल्याची प्रतिष्ठा आली.

प्रथम शरीररचना पाहू. माणसाच्या कण्यात अशा २३ चकत्या असतात, आणि त्यांपैकी एकही दोन मणक्यांच्या मध्ये सुटी ठेवलेली वस्तू नव्हे. चकतीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ गर असतो. त्याभोवती चिवट तंतूंची पंधरा ते पंचवीस वलये एकात एक बसलेली असतात, आणि लगतच्या दोन वलयांतील तंतूंची तिरपी दिशा परस्परांस छेदून जाणारी असते. वर आणि खाली कूर्चेचा जो थर असतो तो मणक्याच्या हाडाशी इतका एकजीव झालेला असतो, की चकती अखंड बाहेर काढावयाची तर शवविच्छेदकास शस्त्रच चालवावे लागते. अशी रचना खोकल्याने, शिंकेने किंवा पाण्याचा हंडा उचलल्याने जागा सोडून बाजूस निघून जात नाही. आणि हाडवैद्य कडकन आवाज काढून ‘बसविली’ म्हणून सांगतो, तेव्हा मुळात न हललेली वस्तू जागेवर आणल्याचे श्रेय तो घेत असतो. वास्तविक घडते ते असे की वलये झिजून, सैल होऊन चकतीची कड बाहेर फुगते. क्वचित वलय चिरून गराचा अंश त्यातून पुढे येतो. आणि त्याहून क्वचित तो अंश तुटून वेगळा होतो. ज्या ‘बल्ज’ ह्या शब्दाने अर्धे घर हवालदिल होते, तो ह्या तिन्हींतील पहिला आणि सर्वांत सौम्य प्रकार.

ह्याच रचनेत आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे शय्यापक्षाचे पूर्ण दुर्लक्ष झाले आहे. प्रौढ वयात चकतीच्या अंतर्भागात रक्तवाहिनी पोहोचत नाही. तिचे पोषण शेजारच्या हाडातून झिरपून येणाऱ्या द्रवावर चालते. दिवसाच्या भाराने चकतीतील पाणी थोडे थोडे बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत शोषले जाते, म्हणूनच प्रत्येक माणूस सकाळी संध्याकाळपेक्षा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो. भार येणे आणि भार उतरणे हा त्या अवयवाच्या नित्य व्यवहाराचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ साली नियमित धावणाऱ्यांच्या चकत्या बैठ्या माणसांच्या चकत्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा धावणाऱ्यांच्या चकत्या अधिक जलयुक्त आढळल्या. पूर्वपक्ष खरा असता तर त्या झिजून चिंध्या झालेल्या आढळावयास हव्या होत्या.

आता चित्राकडे वळू, कारण प्रतिपक्षाची सारी भिस्त ह्या एका दस्तऐवजावर आहे. १९९४ साली अमेरिकेत, ज्यांना पाठदुखी मुळीच नव्हती अशा ९८ व्यक्तींच्या कमरेची चित्रे काढण्यात आली. त्यांपैकी ५२ टक्क्यांच्या निदान एका चकतीस फुगवटा होता, २७ टक्क्यांच्या चकतीचा अंश पुढे सरसावलेला होता, आणि ज्यांच्या सर्व चकत्या निर्दोष म्हणता येतील असे लोक निघाले अवघे ३६ टक्के. पुढे २०१५ साली अशाच ३३ अभ्यासांतील ३,११० वेदनारहित माणसांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा विशीतल्या ३० टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातील ८४ टक्क्यांच्या कण्यात फुगवटा असल्याचे दिसून आले. हे सारे लोक आपापला प्रपंच सुखाने करीत होते. जी खूण फिर्यादीच्या अंगावर सापडते तीच रस्त्याने जाणाऱ्या दहा त्रयस्थांच्या अंगावरही सापडत असेल, तर तिच्यावरून गुन्हा शाबीत झाला असे कोणताही मामलेदार म्हणणार नाही. आपण मात्र कमरेच्या बाबतीत ते खुशाल म्हणतो.

बरे, हा दस्तऐवज निदान एकवाक्याने बोलतो म्हणावे, तर तेही नाही. पायात कळ येणाऱ्या ६३ वर्षांच्या एका स्त्रीने तीन आठवड्यांच्या आत दहा निरनिराळ्या केंद्रांत कमरेचे एम.आर.आय. करून घेतले, आणि त्या दहा अहवालांचा ताळा २०१७ साली प्रसिद्ध झाला: सर्वांत मिळून ४९ वेगवेगळे दोष नोंदलेले होते, आणि दहाच्या दहा अहवालांत आढळणारा असा त्यांत एकही नव्हता. बाई एक, कंबर एक, कालावधी तीन आठवड्यांचा. ह्याच कागदावरील एका ओळीच्या बळावर आपण माणसाची नोकरी बदलतो, मुलीचे लग्न लांबणीवर टाकतो, दुसऱ्या मजल्यावरचे घर विकून तळमजल्यावर येतो! चित्र निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. रुग्णाची जबानी, पायातील बधिरतेचा नेमका पट्टा, स्नायूंचे बळ, गुडघ्याची व घोट्याची प्रतिक्षिप्त क्रिया ह्यांच्याशी ते तंतोतंत जुळले, आणि शस्त्रक्रियेचा किंवा इंजेक्शनाचा विचार खरोखरीच समोर असला, तर ते मोलाचे आहे. परंतु वैद्याने कमरेस हात लावण्यापूर्वीच शेजाऱ्याच्या सल्ल्याने परस्पर काढून आणलेले चित्र बहुतेक वेळा एकच काम चोख बजावते, ते म्हणजे घाबरविण्याचे. ही आमची अतिशयोक्ती नव्हे. कोइमतूरच्या गंगा रुग्णालयातील एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांचे दोन गट केले होते. एकास अहवालातील दोष तपशीलवार समजावून सांगितले, दुसऱ्यास चित्रात वयोमानाप्रमाणे जे असते त्यापलीकडे काही नाही असा दिलासा दिला, आणि उपचार दोघांस सारखेच दिले. सहा आठवड्यांनंतर पहिल्या गटाची भीती अधिक होती, वेदना कमी हटली होती आणि कामकाजही मागे पडले होते. मणक्यात ‘गॅप’ आली, नस दबली, हे आपल्याकडे येता-जाता उच्चारले जाणारे शब्द ऐकणाऱ्याच्या शरीरावर परिणाम करतात, ह्याचा हा आपल्याच देशातील पुरावा आहे.

शय्यापक्षाची बाजू तर दप्तरातून केव्हाच खारीज व्हावयास हवी होती. अंथरुणावर पडून राहण्यातील धोके लंडनच्या रिचर्ड अ‍ॅशर ह्या वैद्याने १९४७ सालीच वर्णिले होते. पुढे १९८६ साली अमेरिकेत कंबरदुखीच्या २०३ रुग्णांपैकी काहींस दोन दिवस आणि काहींस सात दिवस निजून राहण्यास सांगण्यात आले. वेदनेत फरक पडला नाही, मात्र दोन दिवसवाल्यांची कामावरील गैरहजेरी ४५ टक्क्यांनी कमी भरली. १९९५ साली हेलसिंकी नगरपालिकेच्या नोकरांवर झालेल्या प्रयोगात, निजविलेल्यांची प्रगती सर्वांत मंद आणि सोसेल तेवढे नित्याचे व्यवहार चालू ठेवणाऱ्यांची सर्वांत जलद ठरली. ‘ती झाली साधी कंबरदुखी, आमची तर नस दबलेली,’ असे कोणी म्हणेल, तर त्यासाठीही १९९९ सालचा हॉलंडमधील प्रयोग आहे: पायात कळ उतरलेल्या १८३ रुग्णांपैकी काहींस दोन आठवडे अंथरुणास खिळवून ठेवले, काहींस हिंडते-फिरते ठेवले, आणि बारा आठवड्यांनंतर दोन्ही गटांतील ८७ टक्के लोक सुधारलेले होते.

ह्या शेवटच्या आकड्यातच ‘आम्ही महिनाभर पडून राहिलो आणि ठणठणीत झालो’ ह्या ठरीव युक्तिवादाचे उत्तर आहे. पडून राहिलेले बरे झाले ही गोष्ट खरी, परंतु न पडलेलेही तितकेच बरे झाले. आणि तेल चोळून घेणारे, वजन लावून ओढून घेणारे, कटिबस्ती घेणारे, ग्रहशांती करणारे ह्यांच्यातही बरे होणाऱ्यांची संख्या मोठीच असणार, कारण ही व्याधी बहुतेकांच्या बाबतीत आपल्या मुदतीने ओसरणारी आहे. वलय फोडून बाहेर आलेला अंश शरीर परका मानते, रक्तातील भक्षक पेशी त्यावर चालून जातात आणि कालांतराने तो विरून जातो. गंमत अशी की चित्रात जो प्रकार सर्वांत भयंकर दिसतो तोच विरण्याचा संभव सर्वांत अधिक: २०१५ सालच्या एका समालोचनाप्रमाणे तुटून वेगळे झालेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आक्रसले, तर साधा फुगवटा अवघ्या १३ टक्क्यांत. मग साध्या फुगवट्याचे रुग्ण बरे होतात ते कसे? फुगवटा जेथल्या तेथे राहून नसेभोवतीचा दाह शमतो, म्हणून. ज्यांची कळ थांबली आहे अशांनी ‘चकती आत गेली की नाही’ हे पाहण्यासाठी पुन्हा यंत्रात शिरू नये ते ह्यासाठीच. ती आत गेलेली नसेलही, आणि त्याने काही बिघडत नाही.

पट्टा, ट्रॅक्शन आणि गोळ्या ह्यांच्यावर फार शाई खर्च करण्याचे प्रयोजन नाही. पहिल्या दोहोंची शिफारस करू नये असे ब्रिटनमधील ‘नाइस’ ह्या संस्थेने २०१६ सालीच सांगून टाकले आहे. आपल्याकडे पायातील कळेवर मुक्तहस्ते लिहून दिली जाणारी प्रीगाबालिन ही गोळी २०१७ साली सिडनीत २०९ रुग्णांवर कसोटीस लावली गेली, तेव्हा ती निर्जीव गोळीहून सरस ठरली नाही. भोवळ मात्र तिने अधिक आणली.

शस्त्रक्रियेविषयी बोलताना आमच्याच पक्षातील काही उत्साही मंडळींना आवरावे लागते, कारण तिचा सरसकट धिक्कार करण्याची एक उलटी अंधश्रद्धाही आता रुजू पाहत आहे. ऑस्लो येथील वेबर ह्यांनी १९८३ साली दहा वर्षांच्या पाठपुराव्याचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यात पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती स्पष्टपणे सरस होती, चार वर्षांनी तो फरक खात्रीने सांगण्याजोगा राहिला नाही, आणि दहाव्या वर्षी तो उरलाच नाही. हॉलंडमध्ये २००७ साली २८३ रुग्णांच्या बाबतीत हेच दिसले: शस्त्रक्रिया लवकर केलेल्यांच्या पायाची कळ लवकर गेली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के लोक बरे झालेले होते, आणि थांबण्यास सांगितलेल्यांपैकी ३९ टक्क्यांस मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, हेही लपवून ठेवण्याचे कारण नाही. ज्याला दोन महिने झोप नाही, ज्याची रोजी बुडते आहे, त्याने लवकर सुटका मागितली तर तो भित्रा ठरत नाही. त्याला दोन्ही मार्गांची खरी मुदत सांगून निवड त्याच्यावर सोपवावी, एवढेच. आणि काही प्रसंग असे आहेत की तेथे निवडीस वावच नाही. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघांच्या आतील व गुदद्वाराभोवतीच्या भागास बधिरपणा येणे, दोन्ही पायांतील बळ जाणे, ह्यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जावे. पाऊल उचलता येईनासे होऊन ते फरफटू लागले तरी विलंब करू नये. कंबरदुखीबरोबर ताप, घटते वजन, पूर्वीचा कर्करोग किंवा म्हाताऱ्या माणसाचे पडणे असेल, तर त्याची चौकशी वेगळी. आपल्या देशात कण्याचा क्षय अजून दुर्मीळ झालेला नाही, हे कोणत्याही वैद्याने विसरू नये.

उरले सर्वांत घातक कलम: जन्मभराची मनाई. तीव्र वेदनेच्या पहिल्या दिवसांत वाकण्यास, वजनास, लांबच्या प्रवासास मर्यादा घालावी हे शहाणपणाचे आहे. सकाळी चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात तेव्हा उठल्याबरोबर तासभर खोल वाकू नये, हेही. आमचा आक्षेप ह्या मनाईला मुदत नसते ह्यावर आहे. वेदना सहा-आठ आठवड्यांत निघून जाते, पण हुकूम मागे घेण्यास कोणी येत नाही. मग जो माणूस वर्षभर वाकला नाही त्याच्या पाठीचे स्नायू दुबळे होतात, एखाद्या दिवशी खाली पडलेली किल्ली उचलताना त्याला लचक भरते, आणि ती लचक मनाई योग्य होती ह्याचा पुरावा म्हणून दप्तरी दाखल होते. हुकमाने निर्माण केलेल्या दुबळेपणानेच हुकमाचे समर्थन करण्याचा हा प्रकार कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. जमिनीवर बसणे, उकिडवे बसणे, वाकून सडा-सारवण करणे ही माणसाच्या कण्याची स्वाभाविक कामे आहेत. ती क्रमाक्रमाने, आज पाच मिनिटे तर पुढल्या आठवड्यात दहा, अशी परत घ्यावयाची असतात. प्रारंभ चालण्यापासून करावा; एका दमात जमत नसेल तर दिवसातून चार वेळा थोडे थोडे. वेलिंग्टनचा भौतिकोपचारतज्ज्ञ रॉबिन मॅकेंझी १९५६ साली ज्या निरीक्षणावरून पुढे गेला, की काही रुग्णांस पालथे निजून छाती उचलल्याने पायातील कळ वर सरकून कमरेत गोळा होते, ते निरीक्षण आजही उपयोगी आहे: कळ पायातून कमरेकडे येत असेल तर तो व्यायाम मानवला असे समजावे, कंबर तात्पुरती अधिक दुखली तरी चालेल, कळ पोटरीकडे उतरत असेल तर तो सोडून द्यावा. भुजंगासन सर्वांस सारखेच लाभते असे मानून योगवर्गात सगळ्यांकडून ते करवून घेणारे आणि ते सर्वांस सारखेच वर्ज्य म्हणणारे, दोघेही रुग्णास विचारावयाचे विसरतात. दुखणे पुन्हा उद्भवू शकते, हे कबूल. परंतु कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या ७०१ लोकांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पद्धतशीर चालू लागलेल्यांचे दुखणे मध्यमानाने २०८ दिवसांनी उलटले आणि काहीच न करणाऱ्यांचे ११२ दिवसांनी.

आमच्या प्रतिपादनावर एक आक्षेप येईल, आणि तो आम्हांस सर्वांहून जड वाटतो. ‘हिंडते-फिरते राहा’ हा उपदेश कचेरीत बसणाऱ्यास ठीक. पण बाजारसमितीच्या आवारात पोती वाहणाऱ्या हमालास तो केला, तर मुकादमाच्या हाती आपण आयतेच हत्यार देतो. त्याच्या जोडीला फिनलंडमधील जुळ्या भावांच्या तपासणीचा निष्कर्षही कोणी पुढे करील, की चकतीची झीज अंगमेहनतीपेक्षा आनुवंशिकतेनेच अधिक ठरते, म्हणजे मालक निर्दोष! परंतु त्या तपासणीत मोजली गेली ती चित्रातील झीज, आणि चित्रातील झीज म्हणजे वेदना नव्हे हे तर आम्ही वर सांगत आलो आहोत. एकट्या माणसाने वाहावयाचे ओझे ५५ किलोंच्या वर असू नये अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ साली केली, आणि महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदाही केला. पण हमालाची कंबर धरली की त्याच्या हाती पडणारा दाखला आजही दोनच प्रकारचा असतो. एक ‘काम करण्यास पूर्णतः समर्थ’, ज्यामुळे तो उद्यापासून पुन्हा पोत्याखाली जातो. दुसरा ‘जड काम कायमचे वर्ज्य’, ज्यामुळे टोळीतून त्याचे नाव उडते आणि चाळिशीच्या आत तो रखवालदारी शोधीत फिरतो. आम्हांस हवा असलेला दाखला ह्या दोन्हींहून लांब आहे, आणि तो लिहिण्यास वैद्याची पाच मिनिटे अधिक लागतील: पुढील तीन आठवडे इतक्या किलोंपेक्षा अधिक ओझे नको, सलग वाकून अर्ध्या तासापेक्षा अधिक काम नको, चालण्याफिरण्यास कसलीही हरकत नाही, चौथ्या आठवड्यापासून ओझे टप्प्याटप्प्याने पूर्ववत करावे, अमुक तारखेस फेरतपासणी, आणि त्या तारखेनंतर हे पत्र रद्द समजावे.